शिकायचे कोणी?

‘सतत शिकत राहा, बदलाशी जुळवून घ्या’ हा उद्योगजगताचा आवडता मंत्र होऊन बसला आहे. शिबिरांतून, व्याख्यानांतून त्याचा अखंड जप चालू असतो. मंत्रात वावगे काही नाही; न शिकणारे नेतृत्व कारखानाही बुडवते आणि चळवळही. प्रश्न आहे तो हा उपदेश कोणी कोणाला करावयाचा, याचा. आजवरचा अनुभव असा की, शिकावयाचे कामगाराने, बदलावयाचे कामगाराने आणि बदलाची किंमतही मोजावयाची ती कामगारानेच. खुर्चीवर बसलेल्याला मात्र सारे काही आधीच ठाऊक असते!

मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास हा या ढोंगाचा ढळढळीत पुरावा आहे. १९२८ साली ‘रॅशनलायझेशन’चे गोंडस नाव देऊन काही मालकांनी साचेखात्यातील विणकरावर दोनऐवजी तीन मागांचा भार टाकला. त्या वर्षी कामगार सुमारे सहा महिने संपावर राहिला. त्याचा विरोध नव्या तंत्राला नव्हता. कमी होणाऱ्या हातांचे काय आणि वाढत्या कामाचा मोबदला किती, एवढेच तो विचारीत होता. त्या प्रश्नाला ‘कामगार सुधारणेचा शत्रू आहे’ असे उत्तर देण्याची रीत तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

वस्तुतः सुधारणेचा शत्रू कोण होता? भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमाग गिरण्यांची बाजारपेठ गिळू लागले, तेव्हा अनेक मालकांनी जुनी यंत्रे तशीच रखडत ठेवली आणि नफा अन्यत्र वळविला. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करा आणि एकाच संघटनेला वाटाघाटींचा मक्ता देणारा १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. कामगारांचा विश्वास कोणावर आहे, हे रस्त्यावर दिसत असतानाही सरकार आणि मालक कायद्याच्या पुस्तकातून मान वर काढावयास तयार नव्हते. हीच काय ती बदलाशी जुळवून घेण्याची वृत्ती?

मालक एक धडा मात्र चटकन शिकले: कापडापेक्षा जमीन अधिक पैसा देते. १९९१च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याचा मार्ग खुला केला. २००१च्या दुरुस्तीने शहराच्या आणि घरबांधणीच्या वाट्याला केवळ मोकळ्या जागेतील हिस्सा उरला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

याउलट उदाहरण कुर्ल्याच्या कामानी ट्यूब्जचे. मालकांच्या भांडणात बंद पडलेला हा कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेने चालविण्यास १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली आणि कामगारांनी तो पुन्हा सुरू करून दाखविला. पुढे हा प्रयोगही अडचणीत आला, हे लपविण्याचे कारण नाही. पण यंत्रावर राबणारा माणूस कारभारही शिकू शकतो, हे त्याने सिद्ध केले. राज्यघटनेतील १९७६चे ४३-अ हे कलम कामगारांचा व्यवस्थापनातील सहभाग सांगते. १९९० साली राज्यसभेत त्यासाठी विधेयकही आले. कायदा मात्र कधीच झाला नाही. ज्याला कारभारात स्थान नाही, त्याला शिकण्याचे पाठ देणे ही शुद्ध थट्टा आहे.

परंतु केवळ मालकांकडे बोट दाखवून भागणार नाही. १९८२ साली गिरणीचे काम यंत्रमागाकडे वळविता येते आणि संपाच्या हत्याराची धार तेथेच बोथट होते, हे कामगार नेतृत्वाने वेळीच ओळखले होते काय? आज कंत्राटी कामगार कायम कामगाराच्या शेजारी उभा राहून तेच काम करतो, आणि अनेक संघटनांच्या सभासद-पुस्तकात त्याचे नावही नसते. नेता तोच, भाषण तेच, मागणीपत्रकाचा मसुदाही जुनाच! मालकाचा ताळेबंद वाचता येणारे, नव्या यंत्राचा परिणाम आधी हेरणारे आणि कंत्राटी कामगाराच्या वस्तीत जाऊन त्याच्याकडून शिकणारे कार्यकर्ते प्रत्येक कारखान्यात घडविणे, हे आजचे तातडीचे काम आहे. मालकाला शिकावयास भाग पाडण्याचा अधिकार स्वतः शिकणाऱ्या संघटनेलाच मिळतो.