जुनी साखळी-करवत मोडीत काढावी काय ?

आंब्याच्या जुन्या बागांचे पुनरुज्जीवन, बांधावरील बाभळी-सुबाभळींची छाटणी आणि वादळात पडलेल्या झाडांची विल्हेवाट, या कामांमुळे यांत्रिक साखळी-करवत हे अवजार आता केवळ वनखात्याचे राहिलेले नाही. गावोगावी तिला नुसते ‘कटर’ म्हणतात. दिनांक ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले व रायगड-रत्नागिरीकडील आंबा, नारळ, सुपारीची असंख्य झाडे आडवी झाली, तेव्हा चालू स्थितीतील करवतीचे मोल सर्वांच्याच ध्यानी आले. अशा यंत्राची नवी आवृत्ती बाजारात आली की बागाईतदार आणि गावची अवजारे बँक चालविणारे गट एकच प्रश्न विचारतात: जुने यंत्र ठेवावे, की ते काढून नवे घ्यावे ? ‘जुने ते सोने’ म्हणणारे आणि नव्याच्या मोहात पडणारे, दोघेही यंत्राचे झाकण उघडून पाहत नाहीत, असे मला वाटते. आपण ते उघडून पाहू.

उदाहरणादाखल जर्मनीतील स्टिल कंपनीची एम.एस. २६० ही जुनी करवत आणि तिच्या जागी आलेल्या एम.एस. २६१ ची सी-एम ही आवृत्ती घेऊ. ही कोणाची जाहिरात नव्हे. स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीच्या यंत्रांतही याच धर्तीचे बदल झालेले आहेत. दोन्ही करवतींचे इंजिन ५०.२ घन सेंटिमीटरचे आहे. जुनीची शक्ती २.६ किलोवॅट, नवीची ३ किलोवॅट. म्हणजे सुमारे साडेतीन अश्वशक्तीच्या ठिकाणी चारहून किंचित अधिक. वजनात म्हणण्यासारखा फरक नाही. पट्टी व साखळी सोडून दोन्ही पाच किलोच्या आतबाहेर भरतात. तेव्हा नवे यंत्र हातात घेताच फार वेगळे वाटेल, अशी अपेक्षा करू नये. फरक आतला आहे.

टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला धूर बाहेर ढकलण्याचे काम नव्याने येणारे पेट्रोल-हवेचे मिश्रणच करते. धुराला ढकलता ढकलता त्या मिश्रणाचाही काही भाग न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातो. पेट्रोल विकत घ्यावे आणि वाऱ्यावर सोडावे, असा हा प्रकार. नव्या इंजिनात धूर आणि ताजे मिश्रण यांच्यामध्ये आधी शुद्ध हवेचा एक थर सोडला जातो. बाहेर पडते ती मुख्यतः ही हवा. पेट्रोल आत राहते. यामुळे २० टक्क्यांपर्यंत इंधन वाचते, असे कंपनी सांगते. धूरही कमी होतो, आणि दिवसभर त्या धुरात उभे राहणाऱ्या मजुराच्या दृष्टीने ही गोष्ट इंधनाच्या बचतीहून लहान नाही. मात्र बोथट साखळीने काम करणारा माणूस ही सारी बचत एका दिवसात घालवील. धारदार साखळी लाकडाच्या ढलप्या काढते, बोथट साखळी पीठ पाडते. पीठ पडू लागले की यंत्र थांबवून कानस हाती घ्यावी. यात जुन्या-नव्याचा भेद नाही.

दुसरा बदल आपल्या देशात आज अधिक महत्त्वाचा झाला आहे. जुन्या करवतीच्या कार्ब्युरेटरला मिश्रण कमी-अधिक करण्याचे स्क्रू आहेत व ते हाताने फिरवावे लागतात. नव्या सी-एम आवृत्तीत हे काम एम-ट्रॉनिक नावाची विद्युत्-यंत्रणा करते. हवामान, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि इंधनाचा दर्जा पाहून ती मिश्रण आपोआप जुळवून घेते. आता आपल्या पंपावरील पेट्रोलात २०२५ पासून सर्वसाधारणपणे २० टक्के इथेनॉल असते. हाताने जुळवावयाच्या कार्ब्युरेटरच्या यंत्रात १० टक्क्यांहून अधिक इथेनॉल असलेले पेट्रोल वापरू नये, अशी निर्मात्याचीच सूचना आहे. एम-ट्रॉनिक यंत्राला मात्र २७ टक्क्यांपर्यंत चालते. कारण असे की, इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने मिश्रण पातळ पडते आणि इंजिन तापते. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणही पेट्रोलाबरोबरच येते, त्यामुळे पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते आणि पिस्टन ओरखडून निघतो. शिवाय इथेनॉल हवेतील पाणी शोषते व जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम खराब करते. कोकणच्या दमट हवेत तर हे अधिकच.

जुनी करवत ज्यांना ठेवावयाची आहे त्यांनी, शक्य तेथे कमी इथेनॉलचे पेट्रोल मिळवावे. ते न मिळाल्यास, निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत स्क्रूने मिश्रण थोडे दाट करण्याचे काम जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्यावे. मिश्रण त्या दिवसापुरतेच तयार करावे. ५० ला १ या प्रमाणात पाच लिटर पेट्रोलास १०० मिलिलिटर चांगले टू-स्ट्रोक तेल. काम संपल्यावर टाकी रिकामी करावी, आणि यंत्र बंद पडेपर्यंत चालवून कार्ब्युरेटर कोरडा करावा. ही शेवटची सवय नव्या यंत्रालाही लावावी, कारण पाणी शोषण्याचा इथेनॉलचा गुण विद्युत्-यंत्रणेने जात नाही.

मग सर्वांनीच नवे यंत्र का घेऊ नये ? कारण त्यात बिघाड झाला तर तालुक्याच्या बाजारातील मिस्त्रीला त्यातले बरेच काही उमगत नाही. दोष शोधण्यास विक्रेत्याकडील तपासणी-उपकरण व संगणक लागतो. जुन्या करवतीला एक स्क्रू-ड्रायव्हर, एक स्पार्क प्लग आणि अनुभवी कान पुरेसा होता. म्हणून माझे मत असे आहे की, यंत्र दहा जणांच्या हाती जाणार असेल, जसे अवजारे बँकेत जाते, तर नवे घ्यावे. दहा जणांनी दहा प्रकारे स्क्रू फिरविण्याचा प्रश्नच तेथे उरत नाही. परंतु तपासणीची सोय असलेला विक्रेता जिल्ह्यात आहे ना, हे आधी पाहावे. याउलट, वर्षातून आठ-दहा दिवस स्वतःच्या बागेत काम करणाऱ्या आणि यंत्राची नस ओळखणाऱ्या बागाईतदाराने केवळ आवृत्ती जुनी झाली म्हणून खर्चात पडू नये. (आंब्यासारखे झाड समूळ तोडावयाचे असल्यास १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियमाप्रमाणे परवानगी लागते, करवत कितीही नवी असो.)

या साऱ्याला एक अपवाद आहे व तो चेन ब्रेकचा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग फांदीला टेकला की करवत क्षणात उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येते. त्या वेळी पुढील हाताची ढाल पुढे जाऊन साखळी थांबली पाहिजे. जुन्या व नव्या दोन्ही करवतींत ही सोय आहे; परंतु वर्षानुवर्षे वापरलेल्या यंत्रांची ढाल मोडलेली, तारेने बांधलेली किंवा ‘मध्ये येते’ म्हणून काढून टाकलेली आढळते. रोज काम सुरू करण्यापूर्वी यंत्र जमिनीवर घट्ट धरून ब्रेक लावावा आणि फार तर तीन सेकंद पूर्ण वेग द्यावा. साखळी हलली तर त्या दिवशी ते यंत्र कोणाच्याही हाती देऊ नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अवजारे बँकेची पाहणी करताना इंजिनाचे वय विचारण्याआधी ही परीक्षा घ्यावी. दुरुस्तीस अस्सल सुटा भाग मिळत नसेल तर यंत्र बाद समजावे, मग इंजिन कितीही गोड चालत असो.

असे बाद यंत्र स्वस्तात शेजारच्या गावी विकण्याची चाल आहे, ती बंद व्हावी. कार्ब्युरेटर, सिलिंडर, स्टार्टर हे भाग काढून त्याच जातीच्या दुसऱ्या यंत्रासाठी जपून ठेवावेत आणि उरलेला सांगाडा भंगारात द्यावा.