रोमची कार्योत्तर मंजुरी

आधी राजे, मग प्रजासत्ताक, मग सम्राट. रोमचा इतिहास शाळेत असा तीन डब्यांत भरून देतात. मग जन्मभर आपली समजूत अशी, की एके दिवशी प्रजासत्ताक बरखास्त झाले आणि दुसऱ्या दिवशी साम्राज्य उगवले. या मांडणीवर माझी हरकत आहे. नगरपालिकेच्या सभा शाखेत नोकरी केली, इतिवृत्ते लिहिली. त्यामुळे सत्ता कुणाची हे खुर्चीपेक्षा विषयपत्रिकेवरून ओळखायची खोड लागली. त्या नजरेने पाहिले तर रोमने प्रजासत्ताक कधी मोडलेच नाही. त्याचे दप्तर शेकडो वर्षे चालूच होते.

मूळ व्यवस्था मोठी सावध होती. परंपरा सांगते की इ.स.पू. ५०९ मध्ये राजाला हाकलले आणि त्याच्या जागी दोन कॉन्सल आले. मुदत एक वर्ष, आणि एकाचा निर्णय दुसरा अडवू शकणार. संकटात डिक्टेटर नेमत, तोही सहा महिन्यांपुरता. सामान्य प्लेबियनांचे ट्रिब्यून वेगळे. त्यांना नकाराधिकार होता आणि त्यांच्या अंगाला हात लावणे हे पाप. माझ्या मते या सगळ्याचा जीव मुदतीत होता. इ.स.पू. ८२ मध्ये सेनापती सुल्ला बिनमुदतीचा डिक्टेटर झाला तिथेच गाडी घसरली. इ.स.पू. ४४ मध्ये सीझर तहहयात डिक्टेटर झाला, आणि थोड्याच दिवसांत त्याचा खून पडला.

त्याचा वारस, पहिला सम्राट ऑगस्टस, त्यावरून शिकला. इ.स.पू. २७ मध्ये त्याने आपले विशेष अधिकार सिनेटला परत केले. सिनेटने आग्रह करकरून सैन्य असलेले बहुतेक प्रांत त्याच्याच पदरात टाकले. इ.स.पू. २३ मध्ये त्याने कॉन्सलपदही सोडले. तो पॅट्रिशियन, म्हणजे उमराव वर्गातला, म्हणून प्लेबियनांचा ट्रिब्यून होता येईना. मग पद बाजूला ठेवून पदाचे अधिकार तेवढे घेतले. दर वर्षी त्यांची नवी मोजणी व्हायची, ती मरेपर्यंत ३७ वर गेली. लेखापरीक्षकाला बोट ठेवायला जागा नाही! त्याच्यामागून आलेल्या तिबेरियसने इ.स. १४ मध्ये अधिकाऱ्यांची निवडणूक नागरिकांच्या सभांकडून काढून सिनेटकडे नेली. लोक थोडे कुरकुरले, एवढेच.

रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात एक मोठा कांस्यपट आहे. सुरुवातीचा मजकूर हरवला आहे. उरलेला भाग सम्राट व्हेस्पेशियनला अधिकार देणारा कायदा. तह करावेत, सिनेट बोलवावी, निवडणुकीत आपले उमेदवार सुचवावेत, अशी कलमे एकाखाली एक येतात. मला अडकवले ते शेवटाकडच्या कलमाने. हा कायदा होण्यापूर्वी व्हेस्पेशियनने जे जे केले ते लोकांच्याच हुकमाने केले असे धरावे, असे ते म्हणते. इ.स. ६९ च्या १ जुलैला अलेक्झांड्रियात सैन्याने त्याला सम्राट म्हणून पुकारले होते. सिनेटने मान्यता दिली डिसेंबरात. मधल्या महिन्यांना चक्क कार्योत्तर मंजुरी! असे ठराव मीही लिहिले आहेत, पण ते गटारीच्या कामाचे.

मंजुरीची ही रीत पुढेही सुटली नाही. इ.स. १९३ मध्ये सम्राटाच्या पहाऱ्यावरच्या प्रिटोरियन रक्षकांनी सम्राटपदाचा लिलाव केला. दिदियस ज्युलियानस या सिनेटरने ते विकत घेतले, आणि सिनेटने त्यालाही मान्यता दिली.

आता इतिवृत्तच घ्या. इ.स. ४३८ मध्ये सम्राट थिओडोसियसची कायद्यांची संहिता रोमच्या सिनेटपुढे आली. त्या बैठकीची नोंद शिल्लक आहे. विरोधी मत त्यात एकही नाही. आहेत त्या घोषणा, आणि प्रत्येकीपुढे ती कितीदा दिली याचा आकडा. देवाने हे सम्राट आम्हाला दिले, देवच त्यांना राखो, ही २७ वेळा. इतक्या काटेकोरपणे जयजयकार मोजणारा तो कारकून माझ्या बिरादरीतला, हे नाकारून चालणार नाही. त्याच गजरात सिनेटरांनी काही कामाचेही मागून घेतले: संहितेच्या भरपूर नकला कराव्यात, म्हणजे मजकुरात कुणाला घुसडाघुसड करता येणार नाही, आणि त्या मोहोरबंद करून सरकारी दफ्तरात ठेवाव्यात. हेही घोषणा देऊनच मागितले, आणि तेही मोजून लिहिले आहे.