गोदावरीच्या कोणत्या काठावरचे आपण?

१७ सप्टेंबर जवळ आला की आमच्याकडे शाळाशाळांतून मराठवाडा मुक्तिसंग्रामाची भाषणं सुरू होतात. मागच्या वर्षी सातवीतला माझा भाचा घरी आला आणि दप्तर खाली ठेवायच्या आत विचारता झाला, "मामू, तेव्हा आपण कुठल्या बाजूला होतो?" वर्गात कुणी तरी त्याला 'निजामवाला' म्हटलं होतं. पोरानं पोराला म्हटलेलं, ते मी सोडून दिलं. प्रश्न मात्र सोडता आला नाही, कारण मलाही नीट उत्तर देता आलं नाही.

बाजू म्हणजे काय, इथूनच सुरुवात करू. तेव्हा ती खरोखर जमिनीवर आखलेली होती आणि बऱ्याच ठिकाणी ती नदीच होती.

आमचं गाव अंबड तालुक्यात. शहागडच्या पुलावरून गेवराईकडे गेलं की बीड जिल्हा लागतो. इथे गोदावरीचे दोन्ही काठ निजामाचेच होते, नदी फक्त जिल्ह्यांची हद्द होती. पण काठाकाठानं वर पैठणला जा. मुंगीपासून पुढे कायगाव-टोक्याच्या बाजूला उत्तरेचा काठ हैदराबाद संस्थानाचा आणि दक्षिणेचा इंग्रजांच्या अहमदनगर जिल्ह्याचा. नांदेडकडे पैनगंगेचं तेच, अलीकडे संस्थान आणि पलीकडे वऱ्हाड. जालन्याहून देऊळगाव राजाला जायचं तरी कारभार बदलायचा, कारण १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या हाती होता. आणि १५ ऑगस्ट १९४७ नंतर तेरा महिने ही हद्द स्वतंत्र भारत आणि त्यात सामील व्हायला नकार देणारं संस्थान यांच्यामधली सरहद्द होती.

माझ्या दादीचं माहेर शेवगाव तालुक्यात, नदीकाठीच. म्हणजे दादी इंग्रजी मुलखातून निजामी मुलखात सून होऊन आली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की लोक चालत नदी ओलांडायचे, एरवी नाव. या काठाला करोडगिरीचा नाका, म्हणजे संस्थानाची जकात. माहेराहून आणलेल्या कपड्यांची गाठोडी तिथे सोडून दाखवावी लागत, हे ती चिडून सांगायची. तिकडे कलदार रुपया, इकडे हाली. सात हाली दिले की साधारण सहा कलदार मिळायचे, आणि या हिशेबात आपण नेहमी फसायचो असं तिचं ठाम मत होतं. "पानी वोइच, पैसा दुसरा," एवढंच तिचं सरहद्दीबद्दल म्हणणं. तिच्या गोष्टींत नदीच्या एका काठाला मुसलमान आणि दुसऱ्या काठाला हिंदू असं कधी आलं नाही. येणार कसं? तिचे भाऊ पलीकडेच तर राहत होते.

जुना इतिहासही तेच सांगतो. शहागडपासून फार लांब नाही त्या राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी पेशवे आणि निजाम लढले. निजाम अली फौजेचा काही भाग घेऊन उत्तरेला उतरला होता, गोदावरीला पूर आला आणि बाकीची फौज दक्षिण काठाला अडकली. त्या फौजेचा प्रमुख, निजामाचा दिवाण, तिथे मारला गेला. त्याचं नाव विठ्ठल सुंदर. मराठी ब्राह्मण. काठावरून माणसाचा धर्म ठरवणाऱ्यांनी हे एक नाव लक्षात ठेवावं.

आता १९४८. इथे आपल्या घरांत आवाज खाली येतो, आणि मला ते बरोबर वाटत नाही. रझाकारांनी अत्याचार केले. लोक घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेले. मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांचे कॅम्प पलीकडेच होते, पैनगंगेपलीकडचं उमरखेड त्यातलंच. हे आपण आपल्या मुलांना स्वतः सांगायला हवं. सोबत हेही सांगायला हवं की रझाकारांविरुद्ध लिहिणारे 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्लाह खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ठार करण्यात आलं. ते कुठल्या बाजूचे?

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा सरहद्द ओलांडून आल्या, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. पुढच्या दिवसांत खेड्यापाड्यांतल्या मुसलमानांवर जे गुजरलं ते शाळेच्या भाषणात येत नाही. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी दौरा केला. त्यांचा सावध अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडला बसली. तो अहवाल कित्येक वर्षं दडून राहिला. त्यातच असंही नोंदवलंय की हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवताना स्वतःचे जीव गमावले. अहवाल दाबला तेव्हा हे विणकरही त्याच्याबरोबर दाबले गेले, याची खंत मला जास्त वाटते.

आज ती सरहद्द पाहायला गेलं तर दिसत नाही. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं आणि पैठणच्या वरची नदी नाथसागर झाली. दोन्ही काठांची गावं पाण्याखाली गेली, दोन्हीकडचे लोक उठून दुसरीकडे बसले. (वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायची वेळ आली की नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा ही जुनी रेघ पुन्हा वर येते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

यंदा मी भाच्याच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटलो. १७ तारखेला झेंडावंदनानंतर बोलायला मला दहा मिनिटं मिळाली आहेत. विठ्ठल सुंदर, शोएबुल्लाह खान, उमरखेडचा कॅम्प आणि ते विणकर, एवढंच सांगायचं ठरवलंय. हैदराबाद संस्थानाचा नकाशा मोठा करून काढलाय, त्यावर गोदावरी निळ्या शाईनं ठळक केलीय. तो धरून उभं राहायचं काम भाच्याकडे आहे.