वजनाचे ऑपरेशन : पाच वर्षांचा आकडा मागा

वजनाचे ऑपरेशन, म्हणजे बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया, करून घ्यायला पुण्या-मुंबईला जाणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, "किती किलो उतरेल?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. केव्हापर्यंत, हे त्यात नाही. जाहिरातीतला 'नंतरचा' फोटो बहुधा पहिल्या वर्षातला असतो. पाचव्या वर्षाचा फोटो सहसा कोणी लावत नाही. सातारा-सांगलीच्या वस्तीतल्या घराला दागिने मोडून किंवा कर्ज काढून हे ऑपरेशन करायचे असेल, तर पाच वर्षांनंतरचा आकडा विचारल्याशिवाय सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑपरेशन निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा पाऊण भाग काढून टाकतात. 'बायपास'मध्ये जठराची लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. भूक कमी होते, अनेकांची साखर आटोक्यात येते. पण शरीर गेलेले वजन परत मिळवू पाहते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपास केलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के राहिली. म्हणजे शंभर किलोची बाई ६८ वर आली आणि पुढे ७५ झाली. हे यशच आहे. पण घरच्यांना ते आधी माहीत नसेल, तर "एवढा पैसा घातला आणि परत सुटलीस" हे टोमणे तिलाच ऐकावे लागतात.

हा पुढचा अंदाज आता संगणक काढतो. फ्रान्समधील लील शहराच्या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली असे एक साधन जाहीर केले. त्यामागे दहा देशांतील १०,२३१ रुग्णांच्या नोंदी आहेत. ४३४ बाबींतून शेवटी सातच निवडल्या गेल्या : उंची, वजन, वय, ऑपरेशनचा प्रकार, मधुमेह आहे का, असल्यास किती वर्षांपासून, आणि धूम्रपान. अंदाज चांगला आहे, पण ती दगडावरची रेघ नाही. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईचा पाचव्या वर्षीचा अंदाज सहा-सात किलोंनी चुकणे यात साधारण गोष्ट आहे.

शिवाय यंत्र धूम्रपान विचारते, मिश्री विचारत नाही. (डॉक्टरांना मात्र ती जरूर सांगा, लाजू नका.) जतहून किंवा दहिवडीहून पुण्याला जायचे एसटीचे भाडे आणि त्या दिवशी बुडालेली मजुरीही विचारत नाही. आपल्याकडे ऑपरेशन टिकते की नाही, हे मला वाटते तिथेच ठरते. फेरतपासणी वर्षानुवर्षे करावी लागते. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. पैसे संपले म्हणून गोळ्या बंद केल्या, की आधीच रक्त कमी असलेल्या बाईचे हाल होतात. ताटात आधी अंडी, मासे, हुलगा, डाळ; भात-भाकरी नंतर आणि थोडी. बायपासनंतर दारू लवकर चढते आणि तिची सवय लागण्याचा धोका वाढतो, हे घरातल्या पुरुषांना बजावून सांगावे. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. जेवणाच्या वेळी रोज आठवण करून देण्यासाठी त्याने सुदस्सन नावाचा तरुण नेमला, रोजच्या शंभर कहापणांवर. राजाचा आहार हळूहळू कमी झाला आणि अंग हलके झाले. राजाला ते परवडले. आपल्याला हे काम फोनवर आणि जवळच्या दवाखान्यावर भागवायचे आहे.

म्हणून पैसे भरण्याआधी सर्जनला विचारा : तुमच्या किती रुग्णांना पाच वर्षे झाली, त्यातले किती अजून तपासणीला येतात आणि त्यांचे वजन आज किती आहे? मिरजेत किंवा कराडमध्ये रक्त तपासून रिपोर्ट पाठवला, तर फोनवर बघाल का? गोळ्यांचा महिन्याचा खर्च किती? उत्तरे कागदावर लिहून घ्या. यायचे-जायचे भाडे त्यात मिळवा, पाच वर्षांची बेरीज करा आणि ती ऑपरेशनच्या बिलाशेजारी ठेवून घरात बसून बोला.