मुठीखालचा गंज

जुनी जपानी तलवार विकत घ्यायला निघालेल्याने पात्याच्या लखलखाटाला भुलू नये. बांबूची खुंटी काढून मूठ उतरवावी आणि मुठीत शिरणारा पोलादाचा भाग, म्हणजे नाकागो, उजेडात बघावा. त्यावरचा काळसर, दाट गंज हा वयाचा दाखला. हौशी मालक नेमका तोच पॉलिशपेपरने घासतो आणि तीनशे वर्षांचा पुरावा एका दुपारी धुऊन टाकतो! कोरलेल्या सहीवरही विसंबण्यात अर्थ नाही. नामवंत तलवारकार मासामुनेच्या नावाच्या खोट्या सह्या उदंड, खऱ्या मोजक्या. लांब पाती पुढे तोकडी केली गेली, त्यात कित्येक अस्सल सह्याही गेल्या; पण तो दोष नव्हे. घडण बोलते ती धारेपाशी. पाणी देण्याआधी पात्याला मातीचा लेप देतात, धारेवर पातळ, पाठीकडे जाड. धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ चिवट राहते, आणि दोहोंच्या सीमेवर पांढुरकी रेघ उमटते, ती हामोन. दिव्याखाली पातं तिरकं धरलं की तिच्यात धुक्यासारखे बारीक कण दिसतात. रासायनिक पद्धतीने उमटवलेल्या नकली रेघेत ही खोली नसते. गंजाचे ठिपके एक वेळ चालतील, जाणकार कारागीर ते काढतो. मात्र दर घासणीला थोडं पोलाद जातंच. धारेला आडवी गेलेली केसाएवढी चीर दिसली, तर मात्र भाव विचारायच्या भानगडीतही पडू नये.