खापर जनुकाच्या माथी

लठ्ठपणाचे जनुक सापडले, ही वार्ता २००७ साली जगभर गाजली. एफ.टी.ओ. नावाच्या जनुकाचे एक विशिष्ट रूप ज्यांना आई आणि वडील या दोघांकडूनही मिळाले आहे, त्यांचे वजन ते रूप मुळीच नसलेल्यांपेक्षा सरासरीने तीन किलोंच्या आसपास अधिक भरते, असे युरोपातील हजारो लोकांच्या तपासणीतून दिसून आले. शोध खरा होता, मोलाचाही होता. परंतु प्रयोगशाळेतून बाजारात येईपर्यंत त्याचा अर्थ पालटला. सुखवस्तू माणसाला दिलासा मिळाला की दोष आपला नव्हे, रक्ताचा. औषध कंपन्यांना गिऱ्हाईक मिळाले. आणि अन्न, मजुरी व आरोग्य यांची जबाबदारी ज्यांच्या शिरावर आहे त्या राज्यकर्त्यांना आयती पळवाट मिळाली. वजन उतरवणारी, आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाची नवी इंजेक्शने २०२५ साली भारतात विक्रीस आली, तेव्हा त्यांचा महिन्याचा खर्च दहा हजार रुपयांच्या पुढे होता. ती कोणासाठी आली, हे वेगळे सांगावयास नको.

आलापल्लीच्या कार्यकर्त्याला हा सारा विषय शहरी चोचल्यांचा वाटेल. अहेरी, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांत आपण लढत आलो ते कुपोषणाशी, मलेरियाशी आणि वनखात्याशी. ज्या राज्यात पाच वर्षांखालील सुमारे ३६ टक्के बालके आजही वयाच्या मानाने कमी वजनाची आहेत, असे २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, तेथे मेदाची चर्चा कशाला? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी २०११ ते २०१३ या दोन वर्षांत गडचिरोली जिल्ह्यातील ८६ खेड्यांतील मृत्यूंची कारणे तपासली. पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले ते पक्षाघात. दर सात मृत्यूंमागे एक. ज्याला आपण श्रीमंतांचा रोग समजत होतो, तो काडीसारख्या देहाच्या माणसांना उचलून नेत होता. त्यामागे तंबाखू आहे, उपचाराविना राहिलेला रक्तदाब आहे; पण आणखीही काही आहे, आणि तेथेच जनुकांचा व मेदाचा प्रश्न आपल्या दारात येऊन उभा राहतो.

मेद म्हणजे शरीराचे निरुपद्रवी कोठार, अशी समजूत दीर्घकाळ होती. १९९३ साली ती ढासळू लागली. स्थूल उंदरांच्या मेदातून दाह निर्माण करणारे एक द्रव्य बाहेर पडते आणि ते इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते, असे त्या वर्षी आढळले. पुढे २००३ साली दिसले की फुगलेल्या मेदात शरीराच्या संरक्षक पेशी तळ ठोकून बसतात. जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते, तापते. तो दाह काही दिवसांत ओसरतो. मेदातला दाह मात्र मंद असतो आणि ओसरत नाही. चुलीत राखेखाली विस्तव राहावा तसा तो वर्षानुवर्षे धुमसतो, रक्तवाहिन्यांची आतील बाजू खराब करतो आणि साखर वाढवतो. विशेषतः पोटाच्या आत, यकृताभोवती साठलेला मेद या बाबतीत घातक असतो, आणि तो वजनकाट्यावर दिसेलच असे नाही.

हे न दिसणे म्हणजे काय, ते पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्या देहावर दाखवून दिले. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापून आले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही नेमका २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! एकच काटा, एकच आकडा आणि आत दोन वेगळे देह. हा फरक जन्मापासूनच असतो, हेही पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासातून त्यांच्या चमूने दाखवले. तिथल्या नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोंच्या जवळपास, इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू कमी, अवयव लहान. मेद मात्र त्या मानाने फारसा घटलेला नाही. आई अर्धपोटी राहून शेतात राबते, तेव्हा गर्भ हाती आलेल्या तुटपुंज्या शिधेत मेंदू वाचवतो, मेद जपतो आणि स्नायूंवर काटकसर करतो. ही काटकसर पुढे आयुष्यभर अंगात राहते.

मग जनुकाचे काय? त्याच चमूने २००९ साली एफ.टी.ओ. जनुक भारतीयांत तपासले. मधुमेहाशी त्याचा संबंध दिसला, पण तो सगळाच्या सगळा वजनातून जाणारा नव्हता. म्हणजे आपल्याकडे या जनुकाचा उपद्रव होण्यास माणूस लठ्ठ असलाच पाहिजे असे नाही. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील कुटुंबांच्या दीर्घकालीन नोंदी तर याहून बोलक्या आहेत. त्यांच्या आधारे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे आढळले की १९४२ पूर्वी जन्मलेल्यांत या जनुकाचा वजनाशी संबंधच दिसत नाही. त्यानंतर जन्मलेल्यांत तो ठळक दिसतो. रक्त तेच, घराणी तीच. बदलले ते अन्न, बदलले ते कामाचे स्वरूप. २०११ साली दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून असेही निघाले की अंगमेहनत करणाऱ्यांत या जनुकाचा जोर सुमारे चतुर्थांशाने घटतो. जनुक हे बी आहे. ते उगवते कोणत्या मातीत, हा अर्थव्यवस्थेचा प्रश्न आहे.

येथे आपल्याच मंडळींना एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. जनुक हा शब्द कानी पडताच आपल्यातील अनेकांना वंशवादाचा वास येतो आणि ते विज्ञानच झिडकारतात. सोव्हिएत संघात लायसेन्कोच्या आग्रहापायी आनुवंशशास्त्राची हीच गत झाली. वाविलोवसारखा थोर शास्त्रज्ञ १९४३ साली तुरुंगात मेला आणि शेतीचे नुकसान झाले ते वेगळेच. जनुके आहेत, त्यांचा परिणामही आहे. आपला वाद त्यांच्या अस्तित्वाशी नसून त्यांच्या आडून हात झटकणाऱ्यांशी आहे.

आलापल्लीच्या जंगलपट्ट्याला हे उदाहरणासह ठाऊक आहे. सिकलसेलचे जनुक एकाच पालकाकडून आले तर ते बालकाला जीवघेण्या मलेरियापासून पुष्कळसे वाचवते. दोघांकडून आले तर आजार जडतो. तेच जनुक, एकीकडे ढाल, दुसरीकडे शस्त्र. २०२३ च्या १ जुलैस केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे अभियान शहडोल येथून सुरू केले आणि रंगीत कार्डे वाटण्यास आरंभ झाला. तपासणीला विरोध असण्याचे कारण नाही. पण कार्ड हाती पडले आणि फॉलिक आम्लाची गोळी, हायड्रॉक्सियुरिया वा वेळेवर रक्त मिळाले नाही, तर त्या मुलीला उरतो तो केवळ शिक्का, आणि लग्नाच्या बोलणीत तो आड येतो. ऐंशीच्या दशकात डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत सिकलसेलचे सर्वेक्षण केले, तेव्हा शास्त्रज्ञांना ते महत्त्वाचे वाटले, लोकांना मात्र आपला तातडीचा प्रश्न तो नव्हे असे वाटले. लोकांनी नवजात बालकांच्या मृत्यूंकडे बोट दाखवले असता जे काम उभे राहिले, ते आज देशभर 'आशां'च्या हातून चालते. उद्या मेदाच्या जनुकाची कार्डे निघाली, तर आदिवासी रक्तातच खोट आहे असे म्हणावयास फार उशीर लागणार नाही.

आज या पट्ट्यात माती बदलत आहे. कोदो, कुटकी, नाचणी, मोहफुले, नदीतील मासळी, लाल मुंग्यांची चटणी असे विविध अन्न मागे पडून ताट पांढऱ्या तांदळाने भरते आहे. रेशनवर पाच किलो धान्य मिळते ते हवेच. त्यासाठी आपण रस्त्यावर उतरलो होतो आणि पुन्हा उतरू. पण डाळ नाही, तेल महाग, आणि आठवडी बाजारात दहा रुपयांना बिस्किटांचा पुडा. २०२१ नंतर सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी आलापल्लीचा चौक गजबजला, तशी रस्त्याकडेची तळणीची दुकानेही वाढली. गर्भात उपाशी राहिलेला, मेद जपावयास शिकलेला देह या स्वस्त पिठा-साखरेच्या वाटेवर उभा आहे. वीस वर्षांनी तो मधुमेहाने किंवा पक्षाघाताने कोसळेल, तेव्हा डॉक्टर त्याच्या कुटुंबाचा इतिहास विचारतील; त्याच्या आईने गरोदरपणी काय खाल्ले, हे कोणी विचारणार नाही.

म्हणून गरोदर आणि स्तनदा मातांना एकवेळचा चौरस आहार देणारी, राज्याने २०१५ साली आदिवासी भागासाठी सुरू केलेली अमृत आहार योजना ही केवळ दयेची बाब नाही. पुढच्या पिढीच्या मधुमेहावरील पहिला उपचार तोच आहे. तिचा निधी वेळेवर येतो का, अंगणवाडीत डाळ आणि अंडी पोहोचतात का, हे ग्रामसभेत विचारणे आपले काम आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांनी तेंदूच्या उत्पन्नातून कोदो-कुटकीच्या बियाण्याला आणि भरडणीच्या यंत्राला पैसा द्यावा काय, यावरही ग्रामसभांतून चर्चा व्हावी. जंगल हे बांबूचे आणि तेंदूचे आहे तसेच ताटाचेही आहे.

आणि एक साधी गोष्ट. तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीसाठी आशाताईंनी भरावयाच्या तपासणी अर्जात कमरेच्या घेराची नोंद आहे. स्त्रीसाठी ८० आणि पुरुषासाठी ९० सेंटीमीटर ही धोक्याची पातळी. वजनकाटा जे लपवतो ते मोजपट्टी बऱ्याच अंशी दाखवते. अर्ज आहे, पट्टी दोन-पाच रुपयांची आहे. परंतु मानधनाच्या थकबाकीसाठी वारंवार मोर्चे काढावे लागणाऱ्या आशाताईने हे अर्ज कोणत्या उमेदीने भरावेत? पुढच्या ग्रामसभेत प्रत्येक शाखेने तीन आकडे मागावेत: गावात किती जणांची कंबर मोजली, किती जणांचा रक्तदाब तपासला, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या या महिन्यात किती दिवस उपलब्ध होत्या.