मोर्च्याला जाऊ, पण मागणी आपल्या तलावाची पाहिजे



हवामान बदल अन् गरिबी यावर आजकाल कुठं ना कुठं रॅली, सभा, सह्यांची मोहीम चालूच असते. निरोप येतात, जाळं घेऊन या, डोंग्यासोबत फोटो काढू. जायला आमची हरकत नाही. पण टोपी त्यांची, घोषणा त्यांची अन् फोटोत फक्त आपण, हे आम्हाला पटत नाही. मागणीच्या कागदावर तलाव, बोडी अन् वैनगंगा नसेल तं आपण काऊन जायचं?

हवामान बदल म्हणजे काय, हे मच्छीमाराला पाटी-खडू घेऊन शिकवायची गरज नाही. रोहू, कतला, मृगल हे मूळचे नदीचे मासे. पुराचं नवं पाणी आल्याशिवाय ते अंडी टाकत नाहीत, साचलेल्या तलावात तर नाहीच. पाऊस लांबला की बीज उशिरा मिळते, तलाव उशिरा भरतो अन् वाढीचे दिवस हातचे जातात. पुढं उन्हाळ्यात पाणी आटते, तापते. तापलेल्या पाण्यात हवा कमी राहते. वारा पडलेल्या ढगाळ रात्रीनंतर पहाटे मासा तोंड वर काढून धापा टाकतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. एका रात्रीत वर्षाचं भांडवल पांढरं पोट करून तरंगते. पट्ट्याची रक्कम मात्र तेवढीच भरायची.

बंदीचंही तसंच. आपल्या राज्यात 1972 च्या नियमानुसार 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. या बंदीला आमचा विरोध नाही. गाभण मासा मारून कोणाचं भलं झालं? पण पाऊस आता तारीख पाळत नाही अन् बंदी तारखेनंच चालते. त्या दिवसांसाठी केंद्राच्या योजनेत सभासदाचे 1500 अन् सरकारचे 3000 रुपये मिळून 4500 होतात. तीन महिन्यांचे. म्हणजे महिन्याला दीड हजार. जागतिक बँकेनं जून 2025 मध्ये अतिगरिबीची रेषा दिवसाला 3 डॉलर केली. ज्याच्या घरी एका आठवड्यात पैसा येतो अन् दोन महिने येत नाही, त्याला ही रेषा कशी मोजणार, बाप्पा?

कोणी म्हणेल, आपल्या ओरडण्यानं जगात काय होते? वानुआतू हा समुद्रातला लहानसा बेटांचा देश. समुद्र चढून आमचं नुकसान होईल, त्याची भरपाई धूर सोडणाऱ्या देशांनी द्यावी, ही मागणी त्यानं लहान बेटांच्या वतीनं 1991 मध्ये मांडली. हसण्यावारी गेली. 2022 मध्ये इजिप्तच्या परिषदेत नुकसानभरपाईचा निधी मान्य झाला. एकतीस वर्षं लागली. त्यातला पैसा लांजीच्या बोडीपर्यंत कधी येईल हा वेगळा प्रश्न. पण मागणी लिहून ठेवली होती अन् सोडली नाही, म्हणून तिथवर पोचली.

आपल्याच राज्यातलं तवा धरण बघा. धरणात गावं गेली, पाण्यावर ठेकेदार बसले. विस्थापितांनी लढून 1996 मध्ये मासेमारीचा हक्क घेतला अन् तवा मत्स्य संघ उभा केला. दहा वर्षं चालवून दाखवला. मग व्याघ्र प्रकल्पाचं कारण पुढं आलं अन् 2006 नंतर पट्टा वाढला नाही. मिळालेला हक्क जातोही, हेही त्यातून शिकायचं. अन् नदीपलीकडं गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडं ढिवर समाजाच्या संस्थांनी मनीष राजनकर यांच्यासोबत तलावातली बेशरम उपटली, तळ नांगरला, जुन्या पाणवनस्पती परत लावल्या. देशी मासा परत आला. तिथं बाया पुढं होत्या, आपल्याकडच्या बैठकीत किती असतात ते मोजा. आमच्या मते हीसुद्धा हवामानाची मोहीमच आहे, फलक नसला तरी.

आता आपल्या मागण्या. दुष्काळाच्या वर्षी अन् मासा मेल्यावर पट्ट्याची रक्कम माफ व्हावी. उन्हाळी धानाला पाणी सोडताना तलावात माशापुरतं पाणी राखलं जावं. ही दुसरी मागणी अवघड आहे, कारण धान लावणाराही आपलाच भाऊ आहे, काही घरी तर एकच माणूस दोन्ही करतो. म्हणून भांडण नको, पाण्याची खूण ग्रामसभेत ठरवून दगडावर कोरून घ्या. दहा हेक्टरपर्यंतचा तलाव ग्रामपंचायतच पट्ट्यावर देते, तेव्हा ठराव तिथंच होऊ शकतो. भोपाळ-दिल्लीची वाट कशाला?

तिसरी गोष्ट आपल्या हातातली. ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगेला पूर आला, भंडारा शहरात पाणी शिरलं. असा पूर आला की पंचनाम्यात घर येते, बैल येतो. आपत्तीच्या मदतीच्या निकषात डोंगा, जाळं आहे. पण तलाव ओसंडून गेलेला मासा कोण मोजणार, जर बीज किती टाकलं याची पावतीच घरात नसेल? अपघात विम्यात माणूस मेला तर 5 लाख मिळतात, मासा मेला तर काही नाही. 2024 मध्ये मंजूर झालेल्या योजनेत मत्स्यपालनाच्या विमा हप्त्याला मदत आहे, पण तिथंही कागदच लागतो.

तेव्हा प्रत्येक सभासदानं यंदाच्या बीजाची पावती, टाकल्याची तारीख, पाणी किती हात होतं अन् कधी मासा मेला असेल तं मोबाइलवरचा फोटो, एवढं कार्यालयात आणून द्यावं. पोट्ट्यांना सांगा, ते लिहून देतील. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हीच वही टेबलावर ठेवायची आहे. रॅलीचं निमंत्रण आलं तं तिची एक प्रत सोबत नेऊ.